मागल्या पावलांची फेरी : क्लिकरने कुत्र्याला शिकवायची एक अवघड करामत

कुत्रा तुमच्या डाव्या पायाला लागून उभा आहे, तोंड तुमच्यासारखंच समोर. तुम्ही एक शब्द बोलता आणि तो मागे मागे चालू लागतो. तुमच्या पाठीमागून जातो, उजव्या अंगाला येतो, समोरून सरकतो आणि पुन्हा डाव्या पायाशी येऊन थांबतो. पूर्ण फेरी, सगळी मागल्या पावलांनी. तुम्ही मात्र जागचे हललेले नसता. कुत्र्याला सोबत घेऊन संगीतावर करायच्या फ्रीस्टाइलमध्ये ही चाल नेहमी दिसते. इंग्लंडमधल्या क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनात मेरी रे यांनी 1990च्या दशकापासून केलेली सादरीकरणं ज्यांनी पाहिली असतील, त्यांना मी कशाबद्दल बोलतोय ते लगेच कळेल.

हे फक्त मेंढ्या राखणाऱ्या बॉर्डर कॉली जातीच्या कुत्र्यांना जमतं असा समज आहे. तो खोटा आहे. आमची ठमी रस्त्यावर जन्मलेली देशी कुत्री, आणि ती ही फेरी अगदी डौलात घेते. उलट आपल्या देशी कुत्र्यांचं सडपातळ, चपळ शरीर अशा चालींना फार चांगलं.

करामत अवघड का, ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढची प्रत्येक पायरी कशासाठी आहे हे लक्षात येईल. कुत्रा नाकामागे चालतो. नाक वळलं की पुढचे पाय वळतात आणि मागचे पाय फरपटल्यासारखे येतात. मागचे पाय आपले आपण, वेगळे उचलून हव्या त्या जागी ठेवता येतात, याचा त्याने कधी विचारच केलेला नसतो. रोजच्या जगण्यात तशी वेळच येत नाही. म्हणून नाकासमोर खाऊ धरून ही फेरी शिकवायला गेलात तर कुत्रा गोल फिरेल, पण पुढे तोंड करून. मागचा पाय हलला त्या क्षणी 'हेच, हेच हवं होतं' असं त्याला सांगता आलं पाहिजे. क्लिकर लागतो तो त्यासाठी.

क्लिकरची ओळख

क्लिकर म्हणजे दाबल्यावर 'टिक-टॉक' वाजणारी प्लास्टिकची छोटी डबी. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळते. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलंड यांनी 1940च्या दशकात अमेरिकेत प्राण्यांना शिकवण्यासाठी असा आवाज वापरायला सुरुवात केली. पुढे कॅरन प्रायर यांनी हवाईच्या सी लाइफ पार्कमध्ये डॉल्फिनना शिट्टीने शिकवलं आणि तीच पद्धत नंतर कुत्रेवाल्यांमध्ये रुजवली. डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा घालून त्याला ओढता येत नाही. जे करायचं ते त्याच्या मर्जीनेच. कुत्र्याच्या बाबतीतही हाच हिशेब ठेवायचा. या संपूर्ण लेखात कुत्र्याला हाताने ढकलणं, पट्ट्याने खेचणं, कंबर धरून वळवणं कुठेही नाही. तसं केलंत तर तो पाय उचलायला नव्हे, तुमच्या हाताला विरोध करायला शिकतो.

नियम तीनच. क्लिक झाला की खाऊ मिळालाच पाहिजे, चुकून वाजला तरी. आधी क्लिक, मग खाऊकडे हात. हात आधी हलला तर कुत्रा आवाज ऐकतच नाही, हातच बघतो. आणि क्लिकर कुत्र्याला बोलवायला किंवा त्याचं लक्ष वेधायला वाजवायचा नाही.

क्लिक हा फोटो आहे असं समजा: बटण दाबलं त्या क्षणी जे चाललं होतं तेच छापलं जातं. म्हणून कुत्र्यासमोर जाण्याआधी आपलं बोट तयार करा. घरातल्या कोणाला तरी चेंडू टप्पे देत खेळायला सांगा आणि चेंडू जमिनीला टेकेल त्याच क्षणी क्लिक करा. कुत्रा दुसऱ्या खोलीत, दार लावून. हे पोरखेळ वाटतं, पण करा. प्राणी शिकवणाऱ्यांमध्ये मोठं नाव असलेले बॉब बेली आपल्या कार्यशाळांत लोकांना आधी कोंबड्यांवर सराव करायला लावत, कारण कोंबडी इतकी चपळ असते की माणसाचं बोट जरा उशिरा हललं तरी संधी गेलेली असते.

फटाक्यांना घाबरणारा कुत्रा असेल तर क्लिकर खिशात धरून किंवा मोज्यात गुंडाळून वाजवा, नाहीतर बॉलपेनची टिचकी वापरा. तेही नको असेल तर 'यस' असा आखूड, नेहमी एकाच सुरातला शब्द चालतो. ऐकू न येणाऱ्या कुत्र्याला अंगठा वर करून दाखवा.

सामान आणि जागा

सगळ्यात आधी फरशी. आपल्या घरांतल्या गुळगुळीत टाइल्सवर कुत्र्याचे मागचे पाय फाकतात, आणि ज्याचा पाय एकदा घसरला तो मागे पाऊल टाकायला कचरतो. सतरंजी आणि चटई स्वतःच सरकतात, त्यांचा उपयोग नाही. रबरी मॅट किंवा योगाची मॅट घ्या. नखं कापलेली असू द्या, आणि पंज्याच्या गाद्यांमधून केस वाढले असतील तर तेही.

दुसरी वस्तू म्हणजे पुढचे पाय ठेवायला बुटकी, गोल, न डुगडुगणारी जागा. ट्रेनर मंडळी तिला पर्च म्हणतात. बांधकामावर वापरतात ते रबरी घमेलं पालथं घातलं की मध्यम किंवा मोठ्या कुत्र्यासाठी झकास काम होतं. ते सरकत नाही आणि आवाजही करत नाही. लहान कुत्र्याला जेवायला बसायचा लाकडी पाट पुरे, वर रबरी मॅटचा तुकडा चिकटवून. स्टीलची परात नको, ती वाजते आणि निसटते. डॅक्सहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्याला फक्त पाटच, उंच काही नाही.

खाऊ हरभऱ्याच्या डाळीएवढा हवा, चावत बसावं लागू नये इतका मऊ: उकडलेलं चिकन, कलेजी, पनीर, उकडलेलं अंडं. बिस्किटं भुगा होऊन सांडतात आणि कुत्रा जमीन हुंगत बसतो. मनुका, द्राक्षं, चॉकलेट आणि कांद्यात शिजवलेलं काहीही कुत्र्याला विषारी आहे, ते जवळही आणू नका. दिवसभराच्या आहारात खाऊचा वाटा एक दशांशाच्या वर जाऊ नये, म्हणून त्या दिवशीचं जेवण तेवढं कमी करा.

लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड अशा जातींत खुब्याचा सांधा मुळात सदोष असण्याचं प्रमाण बरंच असतं. कुत्रा उठताना कुरकुरत असेल, जिना टाळत असेल, सशासारखा दोन्ही मागचे पाय एकदम टाकत पळत असेल तर आधी पशुवैद्याला दाखवा. पिल्लांना पर्चवरचा हलका खेळ चालेल, पण पूर्ण फेऱ्यांचा सराव वाढ पुरी झाल्यावरच. भरल्या पोटी सराव नको, आणि उन्हाळ्यात सकाळी लवकर उरका.

एक बैठक दोन-तीन मिनिटांची. डबीत दहा-पंधरा तुकडे मोजून घ्या; डबी रिकामी झाली की बैठक संपली. कुत्र्याला अजून हवं असतानाच थांबायचं.

पहिली पायरी : आवाजाला किंमत आणा

शांत खोलीत क्लिक करा, खाऊ द्या. पुन्हा क्लिक, पुन्हा खाऊ. कुत्र्याने काही करायची गरज नाही. एक-दोन बैठकांत क्लिक झाल्याबरोबर तो चटकन तुमच्याकडे वळून बघू लागतो. ते दिसलं की पुढे जा.

दुसरी पायरी : पुढचे पाय घमेल्यावर

घमेलं खाली ठेवा आणि गप्प राहा. बोट दाखवू नका, 'चढ चढ' म्हणू नका. त्याने घमेल्याकडे नुसतं पाहिलं तरी क्लिक. जवळ गेला, क्लिक. हुंगलं, क्लिक. एक पाय टेकला, क्लिक, आणि या वेळी दोन तुकडे. खाऊ प्रत्येक वेळी घमेल्याच्या वरच द्या, म्हणजे ती जागा त्याच्या मनात सोन्याची होते. अधूनमधून एक तुकडा लांब फेका, तो खाऊन परत येईल आणि पाय पुन्हा नव्याने ठेवेल. याला शेपिंग म्हणतात: हवी ती गोष्ट तुकड्या-तुकड्याने घडवायची आणि प्रत्येक तुकड्याची मजुरी रोख द्यायची.

दहापैकी आठ वेळा जमलं की अपेक्षा एक पायरी वाढवा. सलग दोन-तीनदा चुकला की एक पायरी खाली या. कुत्रा भुंकू लागला, जांभया देऊ लागला, निघून गेला, तर तो हट्टी नाही. तुम्ही मागितलेली उडी त्याच्यासाठी मोठी होती.

दोन्ही पुढचे पाय वर ठेवून तो आरामात उभा राहू लागला की ही पायरी झाली. तो खाली बसत असेल तर तुमचा हात पाहा. खाऊ उंचावरून दिलात की डोकं वर जातं आणि बूड खाली. कुत्र्याच्या छातीच्या उंचीवर द्या.

तिसरी पायरी : मागच्या पायांचा शोध

इथे घाई करू नका. सगळी करामत या पायरीत आहे, आणि इथे गेलेला वेळ पुढे दामदुपटीने वसूल होतो.

कुत्र्याचे पुढचे पाय घमेल्यावर, तुम्ही पलीकडे त्याच्या समोरासमोर. आता तुम्ही स्वतःच्या उजवीकडे एक छोटं पाऊल टाका. तुमच्याकडे तोंड राहावं म्हणून त्याला अंग वळवावं लागेल, आणि पुढचे पाय घमेल्यावर असल्यामुळे वळायला मागचेच पाय उरतात. मागचा पाय उचलला जाईल. क्लिक तिथे: पाय हवेत असताना. टेकल्यावर नाही. टेकल्यावर क्लिक केलात तर त्याला 'उभं राहिलो म्हणून मिळालं' असं वाटतं.

त्याच्या तोंडाकडे बघण्याचा मोह होतो. तो आवरा आणि नजर मागच्या पायांवर ठेवा. ठमीच्या बाबतीत तो क्षण मला स्पष्ट दिसला होता. काही बैठका ती केवळ माझ्याकडे बघायला म्हणून वळत होती. मग एकदा मी जागचा हललोच नाही, तर तिने मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं, थांबली आणि डावा मागचा पाय मुद्दाम उचलून उजव्याच्या पलीकडे आडवा टाकला. पायाला पाय ओलांडून. कान मागे घेऊन क्लिकची वाट बघत राहिली. हा पाय माझा आहे आणि तो हलवला की पनीर मिळतं, हे तिला त्या घटकेला उमगलं होतं. तुमच्या कुत्र्याचाही असा क्षण येईल. तेव्हा मूठभर खाऊ द्या आणि बैठक तिथेच संपवा.

एका पावलाला क्लिक, मग दोन पावलांना, मग पाव फेरीला. तुम्ही घमेल्याभोवती चालताय ती दिशा वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलटी असते. पूर्ण करामतीत हीच दिशा ठेवायची आहे.

चौथी पायरी : समोरून बाजूला

आता समोर उभं राहायचं नाही. कुत्रा घमेल्यावर, तुम्ही त्याच्या उजव्या अंगाला, दोघांची तोंडं एकाच दिशेला. म्हणजे तो तुमच्या डाव्या पायाशी आला. जागच्या जागी डावीकडे, कुत्र्याच्या दिशेने, बारीक पावलांनी वळा. त्याला तुमच्या पायाला लागून राहायचं तर बूड तुमच्याकडे आत घ्यावं लागेल, आणि बूड कसं हलवायचं हे तो आता शिकलेला आहे. मागचा भाग आत आला की क्लिक. खाऊ डाव्या हाताने, तुमच्या डाव्या मांडीच्या शिवणीजवळ. खाऊ शरीरापासून लांब दिलात तर डोकं बाहेर जातं आणि कुत्रा तिरका उभा राहायची सवय लावून घेतो.

हे पक्कं झालं की उंची उतरवा: घमेल्याऐवजी पाट, पाटाऐवजी पायपुसणं, मग काहीच नाही. पायपुसण्यावरून मोकळ्या जमिनीवर येताना चाल बिघडते, एखादा दिवस सगळं विसरल्यासारखं वाटतं. पायपुसणं परत आणा, थोडं करा, पुन्हा काढा.

याच दिवसांत वेगळ्या बैठकीत सरळ मागे चालणं शिकवून टाका. भिंत आणि खुर्च्यांची रांग यांच्यात कुत्र्याच्या अंगापेक्षा जरा रुंद गल्ली करा. तो गल्लीत, तुम्ही तोंडासमोर. त्याच्याकडे अर्धं पाऊल टाका. तो मागे सरकेल, मागचा पाय उचलला की क्लिक. खाऊ त्याच्या पुढच्या दोन पायांमध्ये, छातीखाली द्या. तो घ्यायला त्याला आणखी मागे सरकावंच लागतं, म्हणजे खाऊसुद्धा तोच धडा शिकवतो. पुढे फेरीतही हे लक्षात ठेवा: क्लिक हालचालीसाठी, पण खाऊ कुठे देता त्यावर पुढची हालचाल ठरते.

पाचवी पायरी : तुम्ही थांबा, त्याला फिरू द्या

आतापर्यंत तुम्ही वळत होतात आणि तो जोडीने मागे येत होता. आता तुमचं वळणं हळूहळू बंद करायचं. पाव वळण घ्या आणि थांबा. चुळबुळ करू नका. सवयीने तो आणखी एक पाऊल मागे टाकेल. क्लिक. पुढे तुमचं वळण लहान, त्याची जास्तीची पावलं जास्त.

कुत्रा फेरीत कुठे असताना त्याचं डोकं कुठे असतं, हे पाठ करून ठेवा, नाहीतर खाऊ द्यायला हात चुकीच्या बाजूने येतो आणि तो वळून पुढे तोंड करून येतो. डाव्या पायाशी: तोंड समोर, खाऊ डाव्या हाताने. पाठीमागे: तो आडवा, डोकं तुमच्या डावीकडे, डावा हात मागे नेऊन द्या. उजव्या अंगाला: तोंड तुमच्या पाठीच्या दिशेला, उजवा हात मागे. समोर: पुन्हा आडवा, डोकं तुमच्या उजवीकडे, उजवा हात पुढे. मग परत डावीकडे. कुत्र्याशिवाय, नुसतं उभं राहून हे हात चार-सहा वेळा फिरवून बघा.

पाठीमागे गेल्यावर कुत्र्याला तुमचा चेहरा दिसत नाही आणि तुम्हाला त्याचे पाय. त्याच्यासाठी कुंपण करा: सोफ्याचा कोपरा, स्टुलं, खोके गोलाकार मांडा, मधोमध तुम्ही, आणि तुमच्या भोवती त्याच्या अंगापेक्षा थोडी रुंद वाट. बाहेरून आडोसा असला की बूड बाहेर फेकलं जात नाही. तुमच्यासाठी आरसा, किंवा समोर टेकवून ठेवलेल्या मोबाइलचा पुढचा कॅमेरा. घरात कोणी हौशी असेल तर क्लिकर त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही फक्त खाऊ द्या.

फेरी दोन ठिकाणी तुटते. एक पाठीमागे, जिथे तो 'माझा माणूस कुठे गेला' म्हणून वळून पाहतो. तिथे पावलापावलाला क्लिक देत राहा. दुसरं समोर, जिथे तुमचं तोंड दिसताच तो आनंदाने समोरासमोर येऊन उभा राहतो. त्या वेळी खाली वाकून त्याच्याकडे बघू नका. नजर समोरच्या भिंतीवर, अंग ताठ. कुत्री आपल्या खांद्यांच्या वळण्यावरून दिशा ओळखतात, म्हणून तुमचा खांदा जरी फिरला तरी तो फसतो.

पूर्ण फेरी होऊ लागली की कुंपणातली एकेक वस्तू काढा. दोन दिवसांतून एक, याहून वेगाने नको.

शब्द कधी द्यायचा

फेरी बिनचूक होऊ लागेपर्यंत शब्दच नको. आधीपासून बोलत राहिलात तर त्या शब्दाला अर्धवट, वाकडीतिकडी फेरी चिकटते. तो आता फेरी घेणारच असं दिसलं की त्याच्या आधी एक क्षण 'रिव्हर्स' म्हणा, किंवा घरात दुसऱ्या कशाला वापरात नसलेला कोणताही शब्द. एकदाच म्हणायचं. मग शब्द नसताना घेतलेल्या फेरीला क्लिक द्यायचा बंद करा. शब्द ऐकून तो दिवाणखान्यात, गच्चीवर, सोसायटीच्या आवारातही फेरी घेऊ लागला की क्लिकरचं काम संपलं. तो नवीन गोष्ट शिकवायला असतो. खाऊ मात्र एकदम तोडू नका. दोन फेऱ्यांनंतर, कधी एका, कधी तीन फेऱ्यांनंतर, असं करत कमी करा. एका वेळी दोन-तीन फेऱ्यांहून जास्त घेऊ नका, मागच्या पायांच्या स्नायूंना हे काम नवं असतं.

आणि दुसरी बाजू शिकवाच. एकाच दिशेने फिरणाऱ्या कुत्र्याचे स्नायू एकाच बाजूने तयार होतात. उजव्या पायाशी उभं राहून घड्याळाच्या दिशेने घ्यायची फेरी त्याच्या दृष्टीने जवळजवळ वेगळीच करामत आहे, त्यामुळे पुन्हा घमेल्यापासून सुरुवात करा. समोरासमोर उभं राहून या वेळी पहिलं पाऊल तुमच्या डावीकडे टाका. या फेरीला शब्दही वेगळा द्या, दोन्ही शब्द कानाला सारखे वाटणार नाहीत असे.